वाफ्यातली मुळं कुणाची

रोपवाटिकेत तिला सगळे थांबाक्का म्हणत. वाफ्यात खोचलेली छाट दिसली की माणसाचा हात आपसूक तिच्याकडे जातो. जरा उपटून बघावं, मूळ फुटलंय का. तो हात अर्ध्या वाटेत असतानाच मागून आवाज यायचा, “थांबा!” मग हात पिशव्या भरणाऱ्या बाईचा असो, नाहीतर मोटारीतून उतरलेल्या बड्या साहेबाचा. एकदा एक साहेब असा दचकला की त्याचा चष्माच वाफ्यात पडला. पंपवाला लगेच म्हणाला, “आक्का, राहू द्या तिथंच. फुटलं मूळ तर आपल्यालाही होतील चार चष्मे.”

छाट म्हणजे झाडाची वीतभर कोवळी फांदी. खालून तिरकी कापायची, बुडखा मूळ फोडणाऱ्या संजीवकाच्या पावडरीत टेकवायचा, ओल्या वाळूत खोचायचा, वरून धुक्यासारखा फवारा चालू ठेवायचा आणि वाट बघायची. कापणं, खोचणं कुणालाही शिकवता येतं. वाट बघणं शिकवता येत नाही, आणि थांबाक्का पगार घ्यायची तो त्याचाच.

वाट बघून झाली की ती छाट दोन बोटांत धरायची आणि वर ओढल्यासारखं करायची. ओढायची नाही, ओढल्यासारखं करायची. छाट सैल लागली तर अजून काही नाही. खालून कुणीतरी पदर धरून ठेवल्यासारखं वाटलं, की मूळ. मग ती म्हणायची, “धरलंय.” तिनं धरलंय म्हटलं की पुढच्या बायका पिशव्यांत माती भरायला घ्यायच्या. पुन्हा कुणी विचारायचं नाही.

आता गंमत अशी, की बोटांना जेवढं कळायचं तेवढं बाईला कळायचं नाही. वाफ्याबाहेर थांबाक्का म्हणजे नुसता गोंधळ. घराला कुलूप लावलं का, हे बघायला ती गल्लीच्या तोंडापासून माघारी जायची, आणि परत गल्लीच्या तोंडाशी आली की आपण बघून आलो का बघायला जायचंय, याचा विचार करत उभी राहायची. दुकानात साबण आणायला जायची आणि दुकानदारालाच विचारायची, “मी काय न्यायला आले असेन रे?” तोही बेरकी. जे खपत नसेल ते काढून द्यायचा.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथं ती आणि तिची धाकटी जाऊ राहायच्या. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. एक वारला, एक निघून गेला. कुणाचा कुठला, हे लोकांना समजावून सांगायचा दोघींनाही कंटाळा आला होता. धाकटी सदऱ्यांना काजं करायची, बटणं लावायची. तोंडात सुई धरूनही तिला टोमणे मारता यायचे. “आक्का, तुमच्या डोक्यात वाळू भरलीये,” ती म्हणायची, “फवारा तेवढा चालू ठेवा, फुटेल कधीतरी कोंब.”

थांबाक्का रोपवाटिकेत आली ती पिशव्या भरायला. तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं एकदा तिला वाफ्यापाशी उभी केली आणि अमक्या झाडाची छाट हलवून बघ म्हणाला. तिनं हलवली, म्हणाली, “हिला काहीतरी धरलंय खालनं.” म्हाताऱ्यानं ती उकरली. दोऱ्याएवढं मूळ होतं. तेव्हापासून त्यानं तिला पिशव्यांपासून सोडवलं आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेतली, की उपटून बघणाऱ्याच्या हातात काडी राहते, झाड राहत नाही. म्हातारा गेला. काड्या आणि झाडं यांचा निवाडा थांबाक्काच्या बोटांवर आला. तुला हे कसं कळतं, असं तिला विचारलं तर ती बोटांकडे बघायची, जसं काही ती शेजाऱ्याची बोटं आहेत.

असं सगळं चाललं होतं. मग ‘एकटं’ आलं.

शहराबाहेरच्या जुन्या पाण्याच्या टाकीमागं एक झाड होतं. त्याच्या जातीचं दुसरं झाड शोधूनही सापडलं नव्हतं. पुस्तकात त्याला लांबलचक नाव होतं, ते फक्त मॅडमना म्हणता यायचं. मॅडम म्हणजे रोपवाटिकेच्या अधिकारी. बारीक अंगाच्या, खांद्याला कायम पिशवी, आणि बोलताना स्वतःचंच वाक्य मध्येच तपासून बघायची सवय. बाकी सगळे त्या झाडाला एकटं म्हणत. ते फुलायचं, पण बी धरायचं नाही. बी धरायला दुसरं झाड लागतं, ते आणायचं कुठून? वादळात त्याची मोठी फांदी गेली, खोडात पोकळी झाली, बुंध्याला बुरशी लागली. मोडक्या जागेखाली मात्र कोवळ्या फुटव्यांचा एक झुबका आला होता. झाडाचा जीव म्हणजे तेवढाच झुबका.

मॅडमनी त्यातले अगदी मोजके फुटवे आणून थांबाक्काच्या हातात दिले होते आणि साफ सांगितलं होतं, “आक्का, या छाटांना मुळं फुटली तर मी उरलेले सगळे फुटवे काढून त्यांच्याही छाटा लावणार. झाड मरेल, पण तसंही ते पुढचा उन्हाळा बघेल असं वाटत नाही. त्याची पोरं तरी जगतील. आणि मुळं फुटत नसतील, तर मी एका पानालाही हात लावणार नाही. जगायचं तेवढं जगू दे बिचारं. तेव्हा, धरलंय का नाही, एवढंच सांगा मला.”

एवढंच! थांबाक्काला वाटलं, रोजचंच तर आहे.

पण एकट्याच्या छाटा रोजच्यासारख्या वागेनात. मूळ नसलेली छाट चार दिवस तग धरते, मग पान गाळते आणि काळी पडते. मूळ फुटलेली छाट नवं पान काढते. हा साधा व्यवहार. एकट्याच्या छाटांनी नवी पानं काढली, तकतकीत, तांबूस. आणि बोटांत धरून बघावं तर सैल. खाली आधार नाही आणि वर थाट. मग पानं गळली, पण छाटा काळ्या पडल्या नाहीत. हिरव्याच्या हिरव्या उभ्या.

“आक्का, हे जगतंय का मरतंय?” पंपवाला विचारायचा. फवाऱ्याचा पंप त्याच्याकडे होता, आणि पंप चालू असला की त्याला बोलण्यापलीकडं काम नसायचं.

“मला वाटतं, जगतंय.”

“आणि काल म्हणाला होता, मरतंय.”

“काल ते मरतच होतं.”

“बरंय. आमच्या सासऱ्यासारखं आहे म्हणजे. डॉक्टर आला की मरतो, जेवण आलं की जगतो.”

थांबाक्का हसायची आणि हसता हसता पुन्हा वाफ्याकडे बघत बसायची. एवढ्या वर्षांत प्रथमच तिला वाफ्यातही तसंच वाटायला लागलं होतं, जसं गल्लीच्या तोंडाशी वाटायचं.

आणि मग एका सकाळी तिनं कोपऱ्यातली छाट बोटांत धरली, वर ओढल्यासारखं केलं, आणि खालून पदर धरला गेला. चांगला घट्ट. दुसरी धरली. तीही. तिसरी जरा सैल, चौथी घट्ट. तिनं हात पुसले, पुन्हा धरून बघितलं.

“मॅडम,” ती आत डोकावून म्हणाली, “धरलंय.”

मॅडम खुर्चीवरून अशा उठल्या की पिशवी खाली पडून सगळं सांडलं. वाफ्यापाशी आल्या, बोट लावायला गेल्या आणि स्वतःच थांबल्या. “नको. तुम्ही म्हणालात ना, बस.” मग त्यांनी डोळे पुसले आणि लगेच फोन लावला. झाडं छाटणारी टोळी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीमागं येणार, शिड्या घेऊन येणार, सगळे फुटवे काढणार. बायकांनी चहा केला. पंपवाल्यानं पंपाला शाबासकी दिली, म्हणाला, आक्काची बोटं असतील, पण पाणी आपलं.

घरी धाकटीनं बटण लावता लावता विचारलं, “मग आता ते झाड मारणार तुम्ही?”

“मारणार कशाला? त्याची पोरं करणार.”

“तेच ते. आईला मारून पोरं.” तिनं दोरा तोडला. “पण धरलंय ना नक्की?”

“नक्की.”

“नाही, तुमचं नक्की मला माहितीये. परवा नक्की जागेवर ठेवली म्हणालात, आणि माझी कात्री पिठाच्या डब्यात निघाली.”

धाकटी नेहमीच टोचायची. पण आज ती टोच थांबाक्काच्या आत कुठंतरी राहिली. घट्ट लागलं होतं, पण जरा जास्तच घट्ट नव्हतं का? नवं मूळ धरतं ते लहान मुलानं बोट धरल्यासारखं. हे धरणं मोठ्या माणसाचं होतं. की आपल्यालाच तसं आता वाटतंय?

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच रोपवाटिकेत पोचली. पंपवालाही आला होता, फवारा सुरू करत होता. ती वाफ्याभोवती उगाच एक चक्कर मारायला गेली, तर मागच्या अंगाला, वाफ्याच्या कडेच्या दोन विटांच्या फटीतून करंगळीएवढं काहीतरी आत शिरलेलं दिसलं. तांबूस, गुळगुळीत. आधी तिला गांडूळ वाटलं. तिनं बोट लावलं. गांडूळ हललं नाही.

वाफ्यावरच्या शेडच्या भिंतीपलीकडं रबराचं झाड होतं. सावलीसाठी कुणीतरी केव्हातरी लावलेलं, आता गाड्या उभ्या करायला उपयोगी. थांबाक्का बाहेर गेली, झाडाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा आत आली.

“पंपवाले,” ती म्हणाली, “ही वीट काढा.”

“वाफा ढासळेल की.”

“ढासळू दे. काढा.”

वीट निघाली आणि तिच्यामागं वाळू घसरली. आत नुसतं जाळं होतं. रबराच्या झाडाला पाण्याचा वास लागला होता. भिंतीखालून, विटांमधून, आयत्या फवाऱ्याच्या वाफ्यात त्याची मुळं घुसली होती. बाहेर जाड, आत बारीक, त्याहून आत केसांसारखी. एकट्याच्या छाटांच्या बुडख्यांना त्यांनी विळखे घातले होते.

पंपवाला वीट हातात घेऊनच वाकला. “म्हणजे आक्का, काल तुम्ही ओढलं तेव्हा…”

“मला माहीत नाही.”

“ते धरलं होतं कुणी? छाटेनं का रबरानं?”

“मला माहीत नाही, म्हटलं ना!”

बोटं तीच होती, वाळू तीच होती, पदर धरल्यासारखं तेच वाटलं होतं. दुसऱ्याच्या हातानं धरला तरी पदर ताणतोच. आणि टाकीमागं आता शिड्या लागत असतील.

मॅडम आल्या तेव्हा थांबाक्का वाफ्यापाशी मातीत बसली होती. सांगायला तिनं तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा मधेच अडखळली. शेवटी पंपवाल्यानं वीट दाखवली. मॅडम वाकल्या आणि त्यांनी बघितलं. त्यांनी आधी टोळीच्या मुकादमाला फोन लावला. “शिडीवर कुणी चढलंय का? खाली उतरवा. नाही, परत जाऊ नका. थांबा. मला अजून माहीत नाही, थांबा फक्त.”

मग त्या थांबाक्काशेजारी बसल्या. रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “आक्का, रबराची मुळं आहेत म्हणजे छाटांची नाहीतच, असं थोडंच आहे? दोन्ही असतील.”

“असतील.”

“किंवा नसतील.”

“किंवा नसतील.”

“म्हणजे उकरून बघावं लागेल.”

थांबाक्काच्या तोंडाशी तो एकच शब्द आला होता, जन्मभराचा. तो तिनं गिळला. “उकरू नका,” ती म्हणाली, “पाण्यानं धुऊ. हळू धार सोडा. वाळू आपोआप जाईल.”

पंपवाल्यानं नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून धार बारीक केली. वाळू वाहू लागली. पहिली छाट मोकळी झाली. बुडख्याला कापलेली जागा भरून आल्याची पांढरट गाठ, हरभऱ्याएवढी, आणि गाठीला गुंडाळलेली मुळं. थांबाक्कानं एक मूळ नखानं तोडलं. तुटल्या जागी पांढरा थेंब आला, दुधासारखा.

“चीक,” पंपवाला म्हणाला. “रबर.”

सगळी मुळं सोडवली. खाली नुसती गाठ उरली, गुळगुळीत, बंद मुठीसारखी. दुसऱ्या छाटेचं तेच. चीक, चीक, आणि गाठ. तिसरीलाही चीक. मॅडमच्या बोटांना चीक चिकटला होता आणि त्या तो पुसतही नव्हत्या.

चौथ्या छाटेला गाठीच्या कडेला एक आखूड पांढरं मूळ होतं. भाताच्या शितापेक्षा थोडं लांब. ते रबराच्या मुळांत असं अडकलं होतं, की सुरू कुठं होतं आणि संपतं कुठं, ते कळेना. “बघू,” मॅडम म्हणाल्या, आणि तिघांनीही मान वाकवली. थांबाक्का रबराचे तंतू एकेक करून बाजूला घेऊ लागली. नवं मूळ काचेसारखं असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? श्वास धरून ती काम करत होती. आणि तरी ते कट्‌ झालं.

तिघं त्या तुटक्या टोकाकडे बघत राहिली. चीक येईल. आता येईल. टोकावर पाण्याचा एक स्वच्छ थेंब आला, तेवढाच.

“चीक नाही,” पंपवाला हळूच म्हणाला.

“नाही,” थांबाक्का म्हणाली. “हे एकट्याचं होतं.”

मॅडमचा चेहरा उजळला आणि तसाच विझला. “म्हणजे याला मुळं फुटतात, आक्का!”

“फुटलं होतं. मी तोडलं.”

“पण फुटतं ना!”

“एकीला फुटलं. तिघींना नाही. उरलेल्यांचं काय, ते तोडल्याशिवाय कळायचं नाही, आणि तोडून कळलं तर उपयोग नाही.” तिनं हात मांडीवर पुसले. “तुम्ही मला एवढंच विचारलं होतं, धरलंय का नाही. मी काल हो म्हणाले. परवा विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. आज काय म्हणू, ते तुम्हीच सांगा.”

फोन वाजला. मुकादम विचारत होता, ऊन चढतंय, माणसं बसून आहेत, करायचं काय. मॅडमनी फोन हातानं झाकला. “गुटी बांधली तर?”

गुटी म्हणजे फांदी झाडावरून न तोडताच तिला मूळ फोडायचं. सालीची एक अंगठी काढायची, त्या जागी ओलं शेवाळ लावायचं, प्लास्टिकनं आवळून बांधायचं. मूळ फुटलं तर खालून कापून घ्यायची; नाही फुटलं तर फांदी झाडाचीच राहिली.

“साल काढली की बुरशी आत शिरेल,” थांबाक्का म्हणाली. “तुम्हीच नको म्हणाला होता.”

“म्हणाले होते. आताही शिरेल बहुतेक. झाडच आधी कोसळलं तर बांधलेल्या गुट्यांसकट कोसळेल. पण सगळे फुटवे कापण्यापेक्षा… की कापणंच बरं? एकीला तर मूळ होतं.” त्यांनी स्वतःचं वाक्य तपासलं आणि सोडून दिलं. “तुमचं काय मत?”

“मला मत नाही, मॅडम. माझ्या बोटांवरच माझा भरवसा उरला नाही.”

“मलाही नाही.”

“दोघींनाही मत नाही,” पंपवाला नळी बंद करत म्हणाला, “म्हणजे हे एकमत झालं. आता शेवाळ घ्या आणि चला, माणसं उन्हात बसलीत.”

निघायच्या आधी थांबाक्कानं धुतलेल्या छाटा पुन्हा पावडर लावून नव्या वाफ्यात खोचल्या. मूळ तुटलेलीही खोचली. बाकीच्यांना तिनं हात लावला नाही. पंपवाल्यानं भिंतीलगत कुदळीनं चर खणून रबराची मुळं तोडली, आणि सबंध चर पांढरा झाला.

टाकीमागं टोळीची माणसं शिड्यांच्या सावलीत बसली होती. कापायला बोलावलं आणि आता बांधायला सांगतायत, म्हणून मुकादम वैतागला होता. “ताई, आमच्याकडं करवती आहेत. सुतळी नाही.” सुतळी पिशवीत होती. थांबाक्का शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढली. एकट्याचे फुटवे तिच्या तोंडापुढं आले, कोवळे, तांबूस. कुठला घ्यावा? जाडाला बुरशीची भीती, बारक्याला वाळण्याची. एक धरला, सोडला. शेजारचा धरला, पुन्हा पहिला धरला. खालून मॅडम म्हणाल्या, “अर्ध्यांनाच बांधा, आक्का. अर्धे असू देत.” कुठले अर्धे, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

शेवटी तिनं सुरी लावली. साल अंगठीसारखी निघाली. आतलं लाकूड ओलं, फिकट. तिनं शेवाळ पिळून भोवती बसवलं, वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं, दोन्ही टोकं आवळली. एक झालं. दुसरं झालं. हात कामाला लागला, पण मनात काही निवळलं नाही. आपण झाड वाचवतोय का त्याला ठिकठिकाणी जखमा करतोय, हे तिला प्रत्येक गाठीला नव्यानं वाटत होतं.

मुकादम आता शिडी धरून उभा होता. वैताग जाऊन त्याला कुतूहल वाटू लागलं होतं. “मावशी, धरेल का हे?”

“मला काय विचारतोस?” थांबाक्का वरूनच म्हणाली. “प्लास्टिकमधून आरपार दिसतंय ना? याच रस्त्यानं रोज कामाला जातोस, येता-जाता तूच बघत जा. आणि काही दिसलं तर मला येऊन सांग बाबा. शिडी जरा इकडं घे, अजून बांधायच्यात.”